रिजेक्ट कास्टिंग शाळेला द्या : उद्यमबागेच्या कारखानदारांना खुले पत्र

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा आणि काकती परिसरातील फौंड्री व मशीन शॉपच्या मालक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी कुणाच्याही केबिनमध्ये चहा घ्यायला बसलं की एक वाक्य हटकून ऐकू येतं : "पोरं मिळतात हो, पण ड्रॉइंग वाचता येत नाही." आयटीआयवाल्याबद्दल तेच, डिप्लोमावाल्याबद्दल तेच आणि फर्स्ट क्लास बीईबद्दलही तेच. तक्रार खरी आहे. मी नोकरीची बरीच वर्षं पॅटर्न शॉपमध्ये (वाळूत साचा उठवायचे लाकडी नमुने बनवतात तिथं) आणि पुढची इन्स्पेक्शनच्या टेबलावर काढली. आता रविवारी सकाळी मराठी शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांना ड्रॉइंगची तोंडओळख करून देतो. म्हणजे तक्रार करणारे आणि ज्यांच्याबद्दल तक्रार होते ते, दोन्ही बाजू माझ्या ओळखीच्या. त्या ओळखीवर सांगतो, या दुखण्यावरचं औषध कॉलेजात शोधू नका. ते तुमच्या स्क्रॅपच्या ढिगात पडलंय : रिजेक्ट कास्टिंग, म्हणजे दोष निघाला म्हणून बाजूला टाकलेले ओतीव तुकडे.

आधी दुखणं नेमकं काय ते पाहू. शाळा-कॉलेजात मुलाला वस्तू देतात आणि तिचं ड्रॉइंग काढायला सांगतात. ती वस्तूसुद्धा कसली? षटकोनी प्रिझम, एका कडेवर उभा, आडव्या प्रतलाशी ३० अंश कललेला. असला प्रिझम मी उभ्या आयुष्यात कुठल्या यंत्रात पाहिला नाही. तुमच्या शॉपमध्ये मात्र काम बरोबर उलटं असतं. तिथं ड्रॉइंग हातात येतं आणि वस्तू अजून जन्माला यायची असते. कागदावरच्या तीन सपाट चित्रांतून ती डोळ्यांपुढे उभी करायची, मग त्याप्रमाणे लाकूड तासायचं, कोअर (पोकळीसाठीचा वाळूचा गाभा) बनवायचा, नाहीतर मशीनवर सेटिंग करायचं. वस्तूकडून कागदाकडे जायची सवय झालेल्या पोराला कागदाकडून वस्तूकडे यायला आपण अचानक सांगतो, आणि मग त्याला काही येत नाही म्हणतो.

त्यात कॉम्प्युटर आला. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या मच्छेलाच आहे, आणि तिथल्या पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगच्या विषयाच्या नावातच कॉम्प्युटर आहे. माझा कॉम्प्युटरवर राग नाही. फ्रीकॅडसारखं फुकटचं सॉफ्टवेअर मीही पोरांना दाखवतो. पण मॉडेल तयार झालं की बटण दाबून तिन्ही व्ह्यू आपोआप पडतात, आणि जे काम डोक्यानं करायचं ते करायची पाळीच येत नाही. म्हणून आधी एचबी पेन्सिल, कोरा कागद आणि हातात धरता येईल असा जॉब, म्हणजे कारखान्यात घडवलेली वस्तू; कॉम्प्युटर त्यानंतर. या क्रमावर मी अडून बसलेलो आहे.

बेळगावात हे सांगताना मला जरा जोर चढतो, कारण या गावाच्या कारखानदारीची सुरुवातच एका ड्रॉइंग मास्तरापासून झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं की काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत. रंग सुटले, पण मेकॅनिकल ड्रॉइंग सुटलं नाही. व्हीजेटीआयमध्ये ते तोच विषय शिकवायचे. मग बढती डावलली गेली, नोकरी सोडली आणि बेळगावला आले. इथल्या सायकलच्या दुकानातून चारा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर निघाला. पुढे नगरपालिकेला जागा हवी झाली, त्यांना इथून उठावं लागलं, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावनं काय घालवलं यावर आपल्याकडे तासन् तास बोललं जातं. मला त्यातली एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते, की नांगराचा फाळ भट्टीत जाण्याआधी तो कागदावर आणणारा हात त्यांच्याजवळ होता.

आता रिजेक्ट कास्टिंगच का मागतोय ते सांगतो. बाजारात शाळांसाठी लाकडी आणि प्लास्टिकची मॉडेल मिळतात. गुळगुळीत, रंगीत, मापात अगदी चोख. तोच त्यांचा दोष. त्यांच्यात विचारण्यासारखं काही नसतं. याउलट ब्लोहोल (धातूत वायू अडकून पडलेलं भोक) निघाला म्हणून तुम्ही बाजूला टाकलेलं एक छोटं बेअरिंग हाउसिंग (बेअरिंग बसवायचं घर) घ्या आणि शेजारी त्याचं ड्रॉइंग ठेवा. मुलगी स्केल लावते, ड्रॉइंगवर ८० लिहिलंय आणि कास्टिंग भरतं ८६. "सर, चुकलंय की हे!" चुकलेलं नाही. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर मशीनिंगसाठी ठेवलेत. मग दुसरा प्रश्न : सगळीकडे का नाही ठेवले? कारण जिथं फिनिशची खूण आहे तिथंच टूल लागणार, बाकीचा भाग साच्यातून आला तसाच राहणार. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की उभी भिंत खाली जाड आणि वर बारीक आहे. तो ड्राफ्ट, पॅटर्न वाळूतून उचलताना साचा ढासळू नये म्हणून दिलेला एक-दोन अंशांचा उतार. आणि मधून गेलेली ती पुसटशी रेघ म्हणजे पार्टिंग लाइन, साच्याचे दोन भाग जुळतात ती जागा. कास्ट आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून ३०० मिलिमीटरच्या जॉबचा पॅटर्न ३०३ चा करावा लागतो, हे त्या ओघात येऊन जातं. एका रिजेक्ट तुकड्यानं दोन रविवार सहज जातात. प्लास्टिकच्या ठोकळ्यावर अर्धा तास काढणं कठीण.

सेक्शन व्ह्यूचंही तसंच. पुस्तकात लिहितात, 'वस्तू एका काल्पनिक प्रतलानं कापली आहे असे समजा'. समजा म्हटलं की मुलं पुढच्या पानावर जातात. माझ्या ओळखीच्या एकानं एक व्हॉल्व्ह बॉडी बँडसॉवर मधोमध कापून दिली, कापलेल्या तोंडाला आम्ही लाल रंग दिला. लाल दिसेल तिथं ४५ अंशांच्या बारीक रेघा मारायच्या, न दिसेल तिथं नाही. सेक्शन शिकवून संपला.

संपला म्हणालो खरा, पण रिबपाशी (बळकटीसाठी दिलेल्या पातळ आधारपट्टीपाशी) गाडी अडते, आणि तिथं मला जरा थांबायचंय. रिब लांबीतून कापली गेली तर ड्रॉइंगमध्ये तिच्यावर हॅचिंग, म्हणजे त्या तिरप्या रेघा, करत नाहीत. प्रत्यक्ष कापलेल्या तुकड्यात मात्र तिथं धातू दिसतो, म्हणजे आमच्या हिशोबानं लाल रंग. मुलं गोंधळतात, आणि गोंधळलीच पाहिजेत. मी त्यांना एक एल आकाराचा ब्रॅकेट देतो, ८० मिलिमीटर रुंदीचा, कोपऱ्यात १०० बाय १०० ची त्रिकोणी रिब, जाडी १०. सेक्शनमध्ये त्या त्रिकोणावर रेघा मारल्या तर वाचणाऱ्याला वाटेल की ती रिब नाहीच, सगळा ८० मिलिमीटरचा भरीव ठोकळा आहे. त्या नजरेनं पॅटर्न झाला तर काय होईल? ५० चौरस सेंटिमीटरचा त्रिकोण गुणिले ७ सेंटिमीटर जादा जाडी, म्हणजे ३५० घनसेंटिमीटर. कास्ट आयर्नची घनता ७.२ धरली तर नगामागे अडीच किलो लोखंड फुकट. वर तो जाड गठ्ठा सर्वांत शेवटी गोठणार, आजूबाजूचा धातू ओढायला तोवर शिल्लक नसणार, आणि आत श्रिंकेज, म्हणजे आकसून पडलेली पोकळी. म्हणजे वजनही वाढलं आणि जॉबही गेला. रेघा न मारण्याचा नियम कुणाच्या लहरीनं आलेला नाही. शाफ्ट, बोल्ट, नट आणि 'की' (शाफ्टवर चाक पक्कं करणारी पाचर) यांनाही लांबीतून कापलेलं दाखवत नाहीत, ते याच कारणासाठी : त्यांची ओळख बाहेरच्या आकारात आहे. हे उमजलेला मुलगा परीक्षेत किती मार्क पाडेल ते सांगता येत नाही, पण तुमच्या पॅटर्न शॉपमध्ये तो उभा राहील.

फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल, म्हणजे कागदावर कुठला व्ह्यू कुठं मांडायचा याच्या दोन पद्धती, त्यांचं तर विचारूच नका. भारतीय मानक ब्यूरोची शाळा-कॉलेजांसाठीची पुस्तिका आहे, एसपी ४६, १९८८ ची आणि २००३ ला सुधारलेली. तिच्याप्रमाणे आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात. अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं. बेळगावचं काम आता दोन्हीकडे जातं. टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) कापलेल्या शंकूची छोटी खूण असते, तिच्यावरून कुठली पद्धत ते कळतं, पण तिकडे बघतो कोण! दोन्ही बाजूंनी सारख्या जॉबला फरक पडत नाही, म्हणून ही चूक महिनोन् महिने लपून राहते. डावी-उजवी बाजू वेगळी असलेला ब्रॅकेट आला की आख्खा लॉट आरशातल्यासारखा उलटा होतो. तुमच्यापैकी कित्येकांनी तो लॉट पाहिलाय, नावं घेत नाही.

मी हे हातानं शिकवतो. जॉब कागदावर ठेवायचा, समोरची बाजू वर. त्याच्याभोवती रेघ मारली की तो फ्रंट व्ह्यू. आता जॉब उजवीकडे लोळवायचा. डावी बाजू वर येते, म्हणजे डावीकडून दिसणारं चित्र उजवीकडे पडलं. पुन्हा पहिल्या जागी आणून आपल्याकडे लोळवायचा. माथा वर येतो, म्हणजे प्लॅन (वरून दिसणारं चित्र) खाली. हा फर्स्ट अँगल. थर्ड अँगलसाठी जॉब जागचा हलवायचा नाही, त्याच्याभोवती काचेची पेटी आहे असं धरायचं, जे जिथून दिसतं ते तिथल्याच काचेवर काढायचं आणि पेटी उलगडायची. प्लॅन वर जातो, डावीकडचं चित्र डावीकडेच राहतं. आठवीची मुलं हे एका बैठकीत करतात. मात्र लोळवायला हातात वजनदार, ओबडधोबड, एका बाजूला बॉस (गोल उंचवटा) आणि दुसऱ्या बाजूला फ्लँज (जोडणीची पसरट कड) असलेली वस्तू लागते. खडूच्या डब्यावर हे होत नाही, सगळ्या बाजू सारख्याच दिसतात.

मापांबद्दल थोडक्यात. अनगोळ-वडगावातल्या सुतारांची पोरं माझ्याकडे येतात, त्यांना घरून सूत माहीत असतं. इंचाचे आठ सूत. तिथून मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत, त्यांना न्यायचं असतं. २५ एच७ म्हणजे काय? भोक २५.००० पासून २५.०२१ पर्यंत चालेल. त्यात फिरणारा शाफ्ट २५ जी६, म्हणजे २४.९८० ते २४.९९३. वजाबाकी मुलांनीच करायची : कमीत कमी ७ मायक्रॉन फट, जास्तीत जास्त ४१. डोक्यावरचा एक केस साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा असतो असं सांगितलं की वर्ग गप्प होतो. शाफ्ट पी६ केला तर तो २५.०२२ ते २५.०३५, म्हणजे भोकापेक्षा नेहमीच मोठा, प्रेसवरच बसणार. अक्षर बदललं, काम बदललं. इथं भोक तपासायचं खरं प्लग गेज हातात असेल, गो बाजू आत जाते आणि नो-गो बाजू अडते हे बोटांना कळलं, तर कोष्टक पाठ करावं लागत नाही. तुमच्याकडे कॅलिब्रेशनमध्ये बाद झालेली गेजेस असतात. मापाला बाद, शिकवायला नव्यासारखी. तेवढं त्यांच्यावर लाल रंगानं 'बाद' लिहून द्या, नाहीतर कुणीतरी परत वापरात आणायचा.

डिझाइनचं मूळही इथंच लावता येतं. स्टीलची पट्टी आडवी धरली तर बोटानं वाकते, उभी धरली तर हलत नाही. २५ रुंद आणि १ जाड पट्टीचा हिशोब केला तर उभी पट्टी आडवीपेक्षा ६२५ पट ताठ. रिब कशासाठी असते त्याचं उत्तर पोरांच्या हातात येतं. आणि तुटलेला शाफ्ट मिळाला तर त्याहून बरं : तो बहुतेक वेळा स्टेपच्या काटकोनी कोपऱ्यातच गेलेला असतो. कोपऱ्याला त्रिज्या का द्यायची ते त्या तुटलेल्या तोंडाकडे बघून समजतं. शहाण्या डिझायनरचं ड्रॉइंग वाचताना 'हे माप इथं का' असं विचारायची खोड दहावीच्या आधी लागली, तर पुढचं काम पुष्कळ सोपं होतं. पंचवीसच्या चार मापांची साखळी प्रत्येकी अधिक-उणे ०.१ नं लावली तर टोकाला अधिक-उणे ०.४ पोचते, म्हणून महत्त्वाची मापं एका डेटमवरून (ठरवून घेतलेल्या एकाच कडेवरून) द्यायची. हे पोरांनी स्वतः बेरीज करून पाहिलेलं असेल, तर तुमच्या क्वालिटी मॅनेजरला नंतर ओरडावं लागणार नाही.

भाषेचं काय, असं विचारणारे भेटतात. येळ्ळूर, कडोली, खानापूरकडची मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि पुढे इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये ढकलली जातात. तिथं कित्येक जण गप्प होतात, ते कायमचे. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीईनं २०२१ पासून मराठी आणि कन्नडसह प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आहे, भाषांतरित पुस्तकंही काढली आहेत. आपल्या मुलांना याची गंधवार्ता नसते. पण ड्रॉइंग हा असा विषय आहे की भाषेचं ओझं त्यात सर्वांत कमी. जाड रेघ म्हणजे दिसणारी कड, तुटक रेघ म्हणजे लपलेली, लांब-आखूड साखळी म्हणजे सेंटर लाइन. ही येळ्ळुरातही तीच आणि जर्मनीतही तीच. कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलेल्या ठराविक सूचना तेवढ्या वेगळ्या शिकवाव्या लागतात, त्या वीस-पंचवीसच्या वर नाहीत. माझ्या वर्गात कन्नड घरातली मुलंही बसतात, लोळवलेला जॉब त्यांनाही तसाच दिसतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; निकाल लागायचा तेव्हा लागो, तोवर इथल्या पोरांना फ्लँज वाचता यायला कुणाची हरकत नसावी.

तुमच्या हरकती मला ठाऊक आहेत. ग्राहकाचं ड्रॉइंग बाहेर देता येत नाही. अगदी बरोबर, आणि ते मी मागतही नाही. तुमच्या स्वतःच्या फिक्स्चरची, ड्रिल जिगची (मशीनवर जॉब पकडायच्या साधनांची), बंद झालेल्या पंपाची ड्रॉइंगं चालतील. टायटल ब्लॉक कापून द्या. कास्टिंगसुद्धा ग्राहकाचं नाव उठलेलं नको. स्क्रॅपला भाव आहे, रिजेक्ट माल परत भट्टीत जातो, हेही खरं. म्हणून देणगी नको, उसनं द्या. वजन करून चिठ्ठी करा. शाळेचं वर्ष संपलं की ते लोखंड तुमच्या यार्डात परत आणून टाकू, पुढच्या वर्षी दुसरं द्या.

तिसरी हरकत जरा हळू आवाजात येते : "शिकवून तयार करायचं आणि पोरगं पुण्याला जायचं." जाईल. काही जातीलच. पण ज्याला काहीच येत नाही तो तुमच्याकडे टिकतो म्हणून समाधान मानायचं असेल, तर मग रिजेक्शनच्या आकड्यावर मीटिंग कशाला घेता? शिवाय मुलींचा विचार करा. माझ्या वर्गात त्या संख्येनं मुलांच्या बरोबरीनं आहेत, हातानं काढलेली स्केचेस त्यांची सरस असतात, आणि घरापासून अनगोळ-मच्छेच्या अंतरावर काम मिळालं तर त्यांतल्या बऱ्याच जणींना ते हवंच आहे. ड्रॉइंग ऑफिस आणि इन्स्पेक्शनमध्ये जागा ठेवा, एवढं मध्येच सांगून घेतो.

तर मागणी अशी. प्रत्येक कारखान्यानं जवळची एक शाळा धरावी. शाळेला दोन-तीन किलोच्या आतली आठ-दहा रिजेक्ट कास्टिंग द्यावीत. धारदार कडा आधी ग्राइंडरवर मारून द्याव्यात. शाळेत पोरांचं बोट कापलं की दुसऱ्या दिवशी सगळं बंद होतं. त्यांतलं एक मधोमध कापलेलं असावं. जमेल त्याचं ड्रॉइंग सोबत. बाद झालेलं एखादं व्हर्निअर आणि प्लग गेज. आणि महिन्यातून एकदा दोन तास तुमचा एखादा जुना पॅटर्नमेकर किंवा टर्नर शाळेत पाठवावा, पगारी वेळेत. मॅनेजरला पाठवू नका, तो पीपीटी घेऊन येतो. जुन्या माणसाला बोलता येत नाही असं तुम्ही म्हणाल, तर त्याच्या हातात जॉब द्या आणि मुलांना प्रश्न विचारू द्या.

शाळांच्या मुख्याध्यापकांशी मी बोललोय. तासाला जागा द्यायला ते तयार आहेत, काहींनी तर रिकामं कपाट दाखवलं. जूनमध्ये शाळा सुरू होतात, म्हणजे मेच्या शेवटापर्यंत माल हातात यायला हवा. उचलायला मी टेम्पो घेऊन येईन, भाडं माझं. तिसऱ्या रेल्वे गेटपासून सुरुवात करून मच्छेपर्यंत एका दिवसात, होनगा-काकती दुसऱ्या दिवशी. तुम्ही फक्त गेटवरच्या वॉचमनला सांगून ठेवा, आणि गेटपास 'रिटर्नेबल' म्हणून बनवा.

आपला,
ड्रॉइंग शिकवणारा एक निवृत्त पॅटर्नवाला
अनगोळ, बेळगाव